तबकडीवरचं नाव : लहान रेकॉर्ड कंपन्यांची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आयोजकांपैकी एकाने आम्हाला हळूच विचारलं, "सर, आपल्या शहापूर-मुरबाडात जाझ कोण ऐकतं?" प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतःही जाझचे जाणकार नाही. आमचा अभ्यास तत्त्वज्ञानाचा, आणि आयुष्य गेलं ते याच भागातल्या पोरांना शिकवण्यात. तरीही आज आपल्याला वडाळ्याच्या एका कारखान्यात जायचं आहे, तिथून न्यूयॉर्कच्या एका जाझ कंपनीत, आणि परत येताना म्हशाच्या जत्रेत. कारण या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. कोणाचं गाणं जपायचं, हे कोण ठरवतं?

आधी आमची एक चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळे होऊ.

१९८० नंतरच्या वर्षांत टेपरेकॉर्डर घरोघर यायला लागला होता. आमच्याकडेही एक आला. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही तो बरोबर घेऊन गेलो. हळदीच्या रात्री एक म्हातारी धवलारीण मांडवात बसून धवले म्हणत होती. आवाज थकलेला, पण एक शब्द अडत नव्हता. आम्ही कॅसेटची एक बाजू भरून घेतली, पंचेचाळीस मिनिटं. घरी येऊन कॅसेट कपाटात ठेवली आणि वर लिहिलं, "मुरबाड, लग्न". बस्स. बाईंचं नाव लिहिलं नाही, गावाचं नाही, तारीखही नाही. आम्हाला वाटलं, लक्षात राहीलच की.

वीस-पंचवीस वर्षांनी एक संशोधक मुलगी आली. तिने ती कॅसेट ऐकली आणि विचारलं, "सर, या कोण?" आम्हाला सांगता आलं नाही. त्या विद्यार्थ्याचाही पत्ता लागला नाही. म्हणजे आवाज आहे आणि बाई नाही. पीएच.डी. झालेल्या माणसाकडून ही चूक झाली, हे आम्हाला आजही खुपतं. आजचं व्याख्यान त्या खुपण्यातूनच आलेलं आहे.

आधी गिरणी समजून घेऊ

आता मागे जाऊ, १९०२ च्या नोव्हेंबरात. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि त्याने भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण केलं. त्यात गौहर जान होत्या. त्यांच्या जुन्या तबकड्या ऐकल्यात का? गाणं संपता संपता त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. आपल्याला ती गंमत वाटते, पण त्याला कारण होतं. मुद्रण इथे झालं तरी तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला आपलं गाणं काय कळणार? कोणत्या तबकडीवर कोणतं लेबल लावायचं, हे त्याला समजावं म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव पुकारायचं. कारखान्याची सोय होती ती. पण तिच्यामुळे नाव आवाजाला कायमचं चिकटलं. आमच्या धवलारणीला तेवढंही मिळालं नाही.

तबकडी तयार कशी व्हायची, हेही थोडक्यात बघू, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. गाणं आधी मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जायचं. त्या चकतीवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून उलटा ठसा काढायचा. मग लाखेचा गरम गोळा त्या ठशांमध्ये दाबायचा. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, मिनिटाला ७८ फेरे. ठसा एकदा तयार झाला की हजारावी तबकडी स्वस्त पडते. पहिली मात्र भयंकर महाग. म्हणजे खर्च सगळा आधी, आणि पैसे आले तर नंतर. असा धंदा ज्याचा आहे तो काय करील? ज्याचं गाणं खपणार हे ठाऊक आहे, त्यालाच बोलावील. यात दुष्टपणा काही नाही, हिशेब आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कारखाना कोणाचा. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला आणि १९२८ मध्ये डमडमला मोठा. १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या लंडनच्या दोन कंपन्या एकत्र येऊन ईएमआय झाली. इथल्या बाजारावर तिची पकड आणखी घट्ट झाली. कलकत्त्यात मेगाफोन, सेनोला अशी देशी लेबलं निघाली, पण त्यांच्या तबकड्या दाबल्या जायच्या डमडमलाच. आपल्या भाषेत सांगायचं तर भात आपलं, गिरणी दुसऱ्याची. गिरणीवाल्याने आज वीज नाही म्हटलं की आपण पोती घेऊन ओट्यावर बसलो.

वडाळ्याची 'यंग इंडिया'

या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू झाली. तिच्या लेबलचं नाव 'यंग इंडिया'. ऐकणाऱ्याला गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण यावी असंच नाव. कारखाना वडाळ्याला. इथेच ती वेगळी ठरली, कारण या कंपनीची गिरणी स्वतःची होती.

स्वतःची गिरणी असली तरी दळायला काय आणायचं? नामवंत गायक-गायिका मोठ्या कंपन्यांशी करारबद्ध. मग यंग इंडियाने हौशी आणि नवख्या कलाकारांना दार उघडलं. ज्यांना अजून कोणी विचारलं नव्हतं त्यांना माइकसमोर उभं केलं. शास्त्रीय, नाट्यसंगीत, लोकगीतं, सिनेमाची गाणी, शाळेतल्या मुलांसाठी शैक्षणिक तबकड्या, असं पुष्कळ काही काढलं. १९५५ च्या सुमारास कंपनी बंद झाली तोवर, म्हणजे जेमतेम वीस वर्षांत, दहा हजारांच्या आसपास शीर्षकं निघाली. त्या वीस वर्षांत दुसरं महायुद्ध होतं, बेचाळीसची चळवळ होती, फाळणी होती, हेही ध्यानात घ्या. बेचाळीस म्हटलं की आपल्याला सिद्धगड आठवतो, २ जानेवारी १९४३ ची ती पहाट, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील. त्याच दिवसांत वडाळ्याला लाखेच्या तबकड्या दाबल्या जात होत्या.

इथे थोडं थांबून विचार करू. यंग इंडियाला मोठे कलाकार परवडत नव्हते, ही तिची अडचण होती. पण त्या अडचणीमुळेच मोठ्यांच्या यादीत कधी न येणारे आवाज मुद्रित झाले. लहान कंपनी उदात्त हेतूने सुरू होतेच असं नाही. मोठ्याने जे नाकारलं त्यावर तिला जगावं लागतं. ती जगली तर नाकारलेल्यांचा इतिहास तयार होतो. तिचा हेतू काय होता, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो.

न्यूयॉर्कचे दोन निर्वासित

आता जाझकडे. ज्या काळात वडाळ्याचा कारखाना चालू होता, त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये 'ब्लू नोट' नावाची कंपनी निघाली. काढणारा आल्फ्रेड लायन हा मूळचा बर्लिनचा. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ हा छायाचित्रकार. नाझींच्या जर्मनीतून तो १९३९ मध्ये निसटला आणि लायनला येऊन मिळाला. सुरुवातीला मॅक्स मार्गुलिस नावाच्या लेखकाने पैशाची मदत केली.

१९३८ च्या २३ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताची एक मोठी मैफल झाली. लायनने तिथे अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुइस या दोन पियानोवादकांना ऐकलं आणि वेडाच झाला. दोन आठवड्यांत, ६ जानेवारी १९३९ ला, त्याने भाड्याच्या स्टुडिओत दोघांना वाजवायला बसवलं. वाजवणं इतकं रंगलं की नेहमीच्या दहा इंची तबकडीत ते मावेना. मग बारा इंची तबकड्या काढल्या, त्यांत चार मिनिटांच्या वर संगीत बसतं. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. वादकाच्या दृष्टीने बघाल तर मात्र मान.

पुढे त्यांनी एक पद्धत पाडली. मुद्रणाआधी वादकांना तालमीचे दिवस द्यायचे आणि त्या दिवसांचेही पैसे द्यायचे. १९४७ मध्ये थेलोनियस मंक या पियानोवादकाला त्यांनी त्याच्या स्वतःच्या नावाने पहिल्यांदा मुद्रित केलं. तबकड्या खपल्या नाहीत. तरी पुन्हा बोलावलं, आणि नंतरही बोलावलं. आज मंक हा जाझमधल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे. त्यांच्या कितीतरी तबकड्यांचं मुद्रण रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात केलं. लहान कंपनी अशी वाढते बघा. जागा उसनी, माणसं मोजकी, पण निवड पक्की.

आणि ती बुडते कशी, हेही ऐका. १९६४ मध्ये ली मॉर्गन या ट्रम्पेटवादकाची 'द साइडवाइंडर' ही तबकडी बाजारात आली आणि तुफान चालली. आपण म्हणू, झालं भलं! पण आधी सांगितलेला हिशेब आठवा. खर्च आधी, पैसे नंतर. तबकडी चालली की आणखी छापा, म्हणजे आणखी पैसे आधी गुंतवा. वितरक वसुली सावकाश देणार, आणि वर म्हणणार, पुढचीही अशीच चालणारी द्या. १९६५ मध्ये ब्लू नोट 'लिबर्टी' या मोठ्या कंपनीला विकली गेली. लहान कंपनीला अपयश मारतं हे खरं, पण यशही तिला पेलावं लागतं. आपल्याकडे एखाद्या वर्षी पीक फार आलं की शेतकरी अडचणीत येतो, त्यातलाच हा प्रकार.

तरीही ब्लू नोटच्या तबकड्या राहिल्या. कोणी वाजवलं, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, बरोबर कोण होतं, याची नोंद होती. वुल्फने काढलेले फोटो होते. त्यामुळे मालक बदलले तरी वाजवणारा हरवला नाही.

मुंबईच्या जाझचं काय झालं?

"सर, मुंबईत जाझ होतं का?" तर भरपूर होतं. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन वादक आपला संच घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागून आणखी आले. आणि त्यांच्या बरोबरीने उभे राहिले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकलेले, व्हायोलिन आणि ट्रम्पेट लीलया वाजवणारे. त्यांतला एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

या वादकांना श्रोते होते, हॉटेलं होती, कौशल्य तर होतंच. एक गोष्ट नव्हती. ब्लू नोटसारखी, केवळ याच संगीतासाठी जीव टाकणारी लहान कंपनी त्यांना मिळाली नाही. मोठ्या कंपनीच्या लेबलवर काही मोजक्या तबकड्या निघाल्या, तेवढ्याच. पोटासाठी ही मंडळी सिनेमाकडे वळली. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' आठवतोय ना? संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. त्या संगीतातला तो झणका कुठून आला? चिक चॉकलेट त्यात साहाय्यक होता, पडद्यावर आपल्या संचासह दिसतोसुद्धा. सी. रामचंद्र मोठे होते यात वाद नाही. पण त्या काळातल्या शेकडो गाण्यांमागे जे गोवेकर वादक आणि स्वरलेखक होते, त्यांची नावं तबकडीच्या लेबलवर आली नाहीत. आपण साठ-सत्तर वर्षं ते संगीत गुणगुणतो आहोत आणि वाजवणारे कोण, हे आपल्याला ठाऊक नाही.

एक उदाहरण मात्र गोड आहे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. ते नाव काल्पनिक वाटतं ना? ते खऱ्या माणसाचं आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे गुरू. लेबलवर जे नाव आलं नाही ते शिष्याने गाण्यातच घालून ठेवलं. पण किती गुरूंना असा शिष्य मिळणार?

म्हशाच्या जत्रेतला कॅसेटवाला

आता घरी येऊ. फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली १९६३ मध्ये. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पसरली ऐंशीच्या दशकात. तिने एक मोठं काम केलं, गिरणी स्वस्त केली. मेण नको, ठसे नकोत, लाख नको. एक खोली, एक मुद्रणयंत्र, प्रती काढायची दोन-चार यंत्रं, की झाली कंपनी. गावोगावची लहान लेबलं निघाली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचा ग्रंथच लिहिला.

पौषी पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलांचा बाजार, घोंगड्या, खाऊची दुकानं, आणि त्यांच्यात कॅसेटचे ठेले. आम्ही पाहिलेले आहेत. भक्तिगीतं, कोळीगीतं, तमाशाची बतावणी, लग्नाची गाणी. मोठ्या कंपनीने ज्यांना दारात उभं केलं नसतं, त्यांचे आवाज कर्ण्यातून घुमत होते. आम्हाला त्याचा आनंद व्हायचा.

पण एकदा शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचे गायक भेटले. त्यांचं गाणं एका लहान कंपनीने घेतलेलं. किती पैसे मिळाले म्हटलं, तर एकदाच काही रक्कम हातावर ठेवली, कोऱ्यासारख्या कागदावर अंगठा घेतला. पुढे त्यांनाच स्वतःची कॅसेट जत्रेत पैसे देऊन विकत घ्यावी लागली. आणि वेष्टनावर नाव दुसऱ्याचंच. ते हसून म्हणाले, "गुरुजी, तानसाचं पाणी मुंबईला जातं, तसंच हे." मंडळी, तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं आपल्या तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. यावर आम्ही काय बोलणार?

तेव्हा लहान म्हणजे चांगली आणि मोठी म्हणजे वाईट, असं समीकरण मांडू नका. लहान कंपनीसुद्धा लुबाडू शकते. ब्लू नोट आणि तो कॅसेटवाला, दोघेही लहानच. फरक एवढाच की एकाने तालमीचेही पैसे दिले आणि प्रत्येकाचं नाव लिहिलं.

कायदाही उशिरा जागा झाला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क होता, कवी आणि संगीतकाराचा होता, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा असा हक्क त्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ च्या दुरुस्तीने मानधनाचा वाटा आणखी पक्का केला. त्या पाड्यावरच्या गायकाला हे कोणी सांगितलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

याच विचारातून पुढचं एक पाऊल पडलेलंही आहे. २००३ मध्ये गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी 'अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स' सुरू केली. कल्पना साधी. मुद्रणाचा हक्क कलाकाराकडेच राहावा आणि विक्री इंटरनेटवरून व्हावी. म्हणजे इथे गाणाऱ्यानेच गिरणी काढली.

आता आपण काय करायचं?

यंग इंडियाचं शेवटी काय झालं, ते सांगायचं राहिलं. कंपनी बंद पडली आणि तबकड्या जुन्या बाजारात, माळ्यांवर, संग्राहकांच्या कपाटांत विखुरल्या. त्या वाचल्या त्या हौशी संग्राहकांमुळे. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. अशा मंडळींनी धूळ झटकून तबकड्या जमवल्या, आणि पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या एका प्रकल्पातून यंग इंडियाच्या बऱ्याच तबकड्यांचं डिजिटल रूप तयार झालं. प्रकाशनानंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रणाचा हक्क संपतो. त्या हिशेबाने यंग इंडियाच्या शेवटच्या तबकड्यांवरचाही तो हक्क २०१५ अखेर संपला. कंपनी संपली, हक्क संपला, तरी गाणाऱ्याचं नाव अजून टिकून आहे. का? लेबलवर छापलं होतं म्हणून.

आज गिरणी तुमच्या खिशात आहे. तुमच्या मोबाइलवर जे मुद्रण होतं ते गैसबर्गच्या मेणाच्या चकतीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. खर्च शून्य. मग निवड आणि नोंद एवढीच कामं उरली. तीच तर लहान कंपनीची खरी कामं होती.

ठाकर वाडीवर कोणी गाणं म्हणत असेल, कातकरी पाड्यावर ढोल वाजत असेल, एखादी धवलारीण अजून हयात असेल, तर जा. आधी विचारा, "घेऊ का?" नाही म्हणाली तर चहा पिऊन परत या. हो म्हणाली तर मुद्रणाच्या सुरुवातीलाच तिच्याच तोंडून तिचं नाव, गावाचं नाव आणि तारीख घ्या. गौहर जानांनी शेवटी सांगितलं, आपण आधी घेऊ. दोन ठिकाणी प्रत ठेवा आणि एक प्रत तिच्या घरी द्या. तिच्या नातवाच्या मोबाइलवर टाकलीत तरी चालेल. त्यातून कधी चार पैसे आले, तर ते कोणाचे हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

तत्त्वज्ञानात एक जुना वाद आहे. नाव म्हणजे वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी, की त्याहून अधिक काही? या वादावर आम्ही वर्गात पुष्कळ तास घेतले. आमच्या कपाटातली ती कॅसेट हातात घेतली की आमच्यापुरता तो वाद मिटतो. पंचेचाळीस मिनिटांचा तो आवाज कोणाचा, हे आज आम्ही सांगू शकत नाही.

आणि म्हणून शेवटी एक विनंती. ऐंशीच्या दशकात मुरबाडकडच्या लग्नांत धवले म्हणणारी, उंच, डाव्या हातात जाड कडं घालणारी एखादी आजी कोणाच्या घरात असेल, तर आयोजकांकडे निरोप ठेवा. आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन येऊ. या वेळी मुद्रण करायला नव्हे. तुमच्या आजीचा आवाज तुम्हाला ऐकवायला, आणि तिचं नाव लिहून घ्यायला.